कृपया मागच्या दाराने यावे

लिंडेन फेरी या गावच्या सिंफनी गालाच्या, म्हणजे देणग्या गोळा करायच्या वार्षिक मेजवानीच्या, एकतीस वर्षांत एकतीस थीम झाल्या आणि त्यांपैकी सहा व्हेनिसच्या होत्या. गावातलं कुणीच व्हेनिसला गेलेलं नसल्यामुळे प्रत्येक वेळचं व्हेनिस वेगळं असे. एका वर्षी त्यात उंट होता. वॅबॅश नदीच्या पुराइतकाच तो गावाच्या लक्षात राहिला, आणि त्या वर्षीच्या अध्यक्षाबाईंनी त्याबद्दल शेवटपर्यंत खुलासा केला नाही.

गाला ऑर्केस्ट्राच्या मदतीसाठी असे. गावाला ऑर्केस्ट्रा आहे, हे पुष्कळांना गालामुळेच ठाऊक होतं. वर्षाचे सहा कार्यक्रम ते बेचाळीस वादक निम्म्या रिकाम्या सभागृहात वाजवत आणि सातवा गालाच्या दिवशी कंट्री क्लबमध्ये, झाडांच्या कुंड्यांमागे बसून. तिथे मात्र दालन गच्च भरलेलं असे आणि कुणी ऐकत नसे.

थीम ठरवायचा अधिकार गालाच्या अध्यक्षाबाईंचा. पाहुण्यांना कुठे बसवायचं, काय खायला घालायचं आणि कशासाठी देणगीची बोली म्हणून हातातल्या क्रमांकाच्या पाट्या वर करायला लावायच्या, हेही तीच ठरवी. बाई उन्हाळाभर खपून पन्नास पानांचा आराखडा करी. सप्टेंबरात तो विश्वस्त मंडळासमोर येई, मंडळाचा अध्यक्ष वेंडेल आल्टहाउस शेवटच्या पानावर सही ठोके आणि मंडळ छपराच्या गळतीकडे वळे. वेंडेलचा शवपेट्यांच्या कड्या बनवायचा कारखाना होता. तो म्हणे, "थीम म्हणजे नॅपकिन." एकतीस वर्षांत तो आराखडा मंडळातल्या एकाही पुरुषाने उघडून पाहिला नव्हता. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांतली नऊ वर्षं मंडळात मीही होतो.

बत्तिसाव्या वर्षी पाळी अर्डिस हॉलिंगरची आली.

आली म्हणजे टाळता येईना. अर्डिसने बावीस वर्षं गावच्या शाळेचं कँटीन चालवलं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने काँक्रीटवाल्या हॉलिंगरशी लग्न केलं, आणि तो वारल्यावर काँक्रीट तिच्याकडे आलं. गाव चालायचं ते निम्मं तिच्यावरून. गालाच्या समितीतल्या माजी अध्यक्षाबाई तिला मान देत, पण कसा, तर अनोळखी भांड्यातला पदार्थ वाढून घ्यावा तसा. वेंडेलची बायको जिनिव्हा पाच वेळा अध्यक्षा झालेली. ती पहिल्याच बैठकीत म्हणाली, "तुला काही अडलं तर मला विचार हं, अर्डिस. विशेषतः काटे-चमच्यांचं."

"काटे मला कळतात," अर्डिस म्हणाली. "रोज साडेअकराला सहाशे पोरांना वाटलेत. एकाने दुसऱ्याला टोचायच्या आत परतही घेतलेत."

समितीत पुरुष मी एकटाच. निवृत्त माणसाला मोकळा हिंडू देऊ नये म्हणून निमंत्रणाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे दिलेलं.

खरं म्हणजे ही गोष्ट आदल्या वर्षीच्या गालातच सुरू झाली होती. अर्डिस प्रसाधनगृह शोधायला निघाली आणि चुकीचं दार उघडून स्वयंपाकघरामागच्या बोळात गेली. तिथे भांडी घासायच्या यंत्राशेजारी काळ्या कपड्यांतली बेचाळीस माणसं बसलेली. कुणी दुधाच्या क्रेटवर, कुणी जिन्यावर, कुणी जमिनीवर. प्रत्येकाच्या मांडीवर पुठ्ठ्याचा डबा. दारालगत ट्रॉम्बोनची पेटी आडवी टाकून तिच्यावर मर्ल ओडनी बसला होता. मर्ल शाळेत पोरांचा बँड शिकवायचा, त्यामुळे दोघांची ओळख जुनी.

"मर्ल, इथे काय करतोयस?"

"जेवतोय, अर्डिसबाई."

"इथे?"

"करारात आहे तसं. एक थंड जेवण, पाहुण्यांच्या नजरेआड." मर्लने डबा तिच्यापुढे धरला. हॅमचं सँडविच, चिप्सची पुडी आणि एक सफरचंद. "यंदा लावायला मस्टर्ड पुन्हा दिलंय. सुधारणा आहे."

"किती वर्षं चाललंय हे?"

"मला सव्वीस झाली. माझ्या आधीचे लोक सफरचंदाबद्दल काही बोलत नसत. तेव्हा नसेल बहुतेक."

अर्डिस परत आपल्या टेबलाशी आली तेव्हा ताटात बीफ वाढलेलं होतं. तिने ते खाल्लं नाही. पण कँटीनवाली बाई अन्न टाकत नाही. तिने ते नॅपकिनमध्ये गुंडाळून मखमली पर्समध्ये ठेवलं. त्या पर्सवरचा डाग तिने पुढे वर्षभर धुतला नाही.

मग तिच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वेंडेल समितीच्या बैठकीला आला. पुरुष आला म्हणून बायकांनी केक कापला. त्याने टेबलावर पुठ्ठ्याचा एक नमुना ठेवला. सभागृहाला पुढून काचेची लॉबी, तिच्यात काड्यापेटीतल्या काडीएवढी माणसं, आणि दारावर इवल्या अक्षरांत आल्टहाउस हे नाव.

"यंदाच्या गालाचे पैसे याला," वेंडेल म्हणाला. "आणि वसंत ऋतूपासून वादक बेचाळीसचे अठ्ठावीस. चौदा जणांना पत्रं जातील. गाला झाल्यावर, आधी नको. उगाच वातावरण बिघडतं."

"कोण चौदा?" अर्डिसने विचारलं.

वेंडेलने खिशातून यादी काढून वाचली. दुसरा ट्रॉम्बोन, म्हणजे मर्ल, नववा होता.

"अठ्ठाविसांत भागेल?"

"ऐकणाऱ्याला फरक कळत नाही."

"तुला कळत नाही. ऐकणाऱ्याला तू विचारलंयस का?" अर्डिसने नमुन्यातला एक माणूस चिमटीत उचलला. "हा कुठे चाललाय?"

"आत. संगीत ऐकायला."

"कुणाचं?"

"अर्डिस, तो नमुना आहे," जिनिव्हा म्हणाली. "खाली ठेव. हात-पाय निघतात त्यांचे."

पुढच्या बैठकीत अर्डिसने थीम सांगितली. "मागचं दार."

बायका जरा खुलल्या. जिनिव्हा म्हणाली, "छान आहे. पॅरिसच्या नाटकघराचं का?"

"आपल्या क्लबचं. बटाट्यांची पोती उतरतात ते."

कुणीतरी चमचा कपात ढवळत राहिलं. कप रिकामा होता. अर्डिसने सगळं सांगून टाकलं: पाहुणे कुठून येतील, काय खातील, वादक कुठे बसतील आणि पाट्या कशासाठी वर होतील.

जिनिव्हाने चष्मा काढला. "त्या वर्षी बर्फाचा हंस कोसळला होता, आठवतं? पाट्या पूर्ण मिनिटभर खाली राहिल्या. त्या वर्षीची अध्यक्षाबाई आता फ्लोरिडाला असते."

"फ्लोरिडा मी पाहिलंय. वाईट नाही."

"त्या एका वर्षी मी आजारी होते. एरवी माझ्यासमोर गालात पाट्या खाली राहिलेल्या नाहीत, अर्डिस. आणि तुझा हा डब्यांचा तमाशा पाहून एकही वर होणार नाही. चौदा वादक तर जातीलच, वर तूही जाशील."

"मग तू नक्की ये, जिनिव्हा. पुढच्या रांगेत ठेवते तुला."

जिनिव्हाने मतदान मागितलं. पण थीमवर मतदान होत नाही, असा नियम होता, आणि तो पाचव्या व्हेनिसच्या वेळी जिनिव्हानेच करून घेतला होता. ती घरी जाऊन नवऱ्याला सांगेल, अशी मला धास्ती होती. तिने सांगायला सुरुवात केली होती म्हणे, पण वेंडेलने नॅपकिनच्या गोष्टी जेवताना नकोत म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

संध्याकाळी अर्डिसने मला घरी बोलावून शुगर क्रीमची गोड पाई वाढली आणि कागद पुढे ठेवला. "निमंत्रण लिही. पोशाख काळा, वादकांसारखा. मागच्या दाराने यावे."

मी लिहिलं. सवयीने वर 'कृपया' लिहिलं आणि खोडायला गेलो.

"राहू दे ते," ती म्हणाली. "आपण उद्धट नाही. आता आराखड्याचं पान सहा. लिही, की पाट्या वर करून मिळणारी देणगी चौदा वादकांच्या जागांसाठी मागितली जाईल आणि त्याच कामाला लागेल. चौदांची नावं घाल."

"जरा वळणावळणाने लिहू का? वेंडेलच्या डोळ्यांत येणार नाही असं?"

"मुळीच नाही. मोठ्या अक्षरांत लिही. मला कुणाला फसवायचं नाहीये. त्याने वाचलं, तर समोरासमोर भांडेन. नाही वाचलं, तर तो त्याचा प्रश्न."

सप्टेंबरात आराखडा मंडळासमोर गेला. वेंडेलने शेवटचं पान काढलं.

"नॅपकिन कुठल्या रंगाचे?"

"पांढरे. कागदाचे."

"वा. यंदा सुटसुटीत दिसतंय," वेंडेल म्हणाला आणि सही केली. मग मंडळ छपराच्या गळतीकडे वळलं.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी कंट्री क्लबच्या पुढच्या दाराला कुलूप होतं. गाड्या मागे वळल्या, कचऱ्याच्या पिंपांपाशी थांबल्या, आणि गावातली अडीचशे प्रतिष्ठित माणसं माल उतरवायच्या उतारावरून, एकमेकांचे कोपर धरून, आत आली. सांगायला हवं की त्यांना ते फार आवडलं. बँकवाल्याची बायको ओल्या फरशीवर घसरली आणि तिने त्याचाही फोटो काढून घेतला. "काय कल्पना आहे," लोक म्हणत होते. "अगदी खऱ्यासारखं केलंय." भांडी घासणाऱ्या बाईला एकाने विचारलं की तुम्ही कुठल्या नाटक मंडळीच्या. तिने त्याला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

दालनात टेबलं नव्हती. घडीच्या लोखंडी खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर पुठ्ठ्याचा डबा. पुढे मंचावर पडदा सोडलेला. लोकांनी डबे भेटवस्तू समजून खुर्च्यांखाली ठेवले आणि जेवणाची वाट पाहू लागले. अर्धा तास गेला. वेंडेल माझ्या शेजारी होता.

"वाढायला कधी घेणार?"

"वाढलंय. तुझ्या खुर्चीखाली आहे."

त्याने डबा काढून उघडला. हॅम पाहिलं. झाकण लावलं, आणि आत काही बदललं असेल म्हणून पुन्हा उघडलं.

तेवढ्यात पडदा वर गेला. मंचावर नऊ गोल टेबलं, पांढऱ्याशुभ्र चादरी, मेणबत्त्या, आणि भोवती बेचाळीस वादक आपापल्या नवरा-बायकोसह जेवत होते. आम्ही त्यांना काळ्याशिवाय दुसऱ्या रंगात कधी पाहिलंच नव्हतं. मर्लचा कोट तपकिरी होता आणि बायकोने विणलेला टाय पिवळा. कुणी काही वाजवत नव्हतं. बीफवर सुऱ्या फिरत होत्या तेवढाच आवाज.

अर्डिस माइकपाशी आली. "जेवून घ्या," ती म्हणाली. "डब्यात आहे तेच या लोकांनी एकतीस वर्षं मागच्या बोळात बसून खाल्लंय. तुम्हाला खुर्ची तरी दिलीय. यांच्यातल्या चौदा जणांना पुढच्या आठवड्यात पत्रं जाणार आहेत, की आता येऊ नका. त्यांना ते आत्ता चारचौघांत कळावं असं मला वाटलं नाही, म्हणून मी काल एकेकाच्या घरी जाऊन सांगून आलेय. आता त्या चौदा खुर्च्यांसाठी पाट्या वर करायच्या. बाकी डुएन सांगेल."

डुएन आठवडाभर गुरांच्या बाजारात डुकरांचा लिलाव करी आणि गालाचा लिलाव फुकट करून देई. त्याला दुसरी भाषा येत नव्हती.

"पहिला नग, दुसरा ट्रॉम्बोन. उठून उभा राहा, मर्ल. वय अठ्ठावन्न, दात स्वतःचे, सत्तावीस वर्षांत एकदाही आजारी नाही. स्वभाव शांत. गावातल्या निम्म्या लोकांना यानेच सूर लावायला शिकवलंय, त्याची शिक्षा त्याने भोगलीच आहे. तीन वर्षांच्या पगारासाठी, कोण उचलतंय पाटी?"

मर्ल गळ्यात नॅपकिन तसाच ठेवून उभा होता.

एकही पाटी हलली नाही. दालन रागावलं होतं. आपल्याला हसवून आत आणलं आणि मग मांडीवर हॅम ठेवलं, हा राग साधा नसतो. मी घड्याळ पाहायचं टाळलं. माझ्या अंदाजाने हंसाचा विक्रम मोडत आला होता. अर्डिस माइकशेजारी हात बांधून उभी होती. पोरं काटा परत देत नसत तेव्हा ती अशीच उभी राहायची.

वेंडेल उठला. "पुरे झालं. चला सगळे. पुढच्या महिन्यात नीट जेवण ठेवू."

पहिल्या रांगेतून जिनिव्हाचा आवाज आला. ती नवऱ्याशी बोलत नव्हती. तिच्या हातात अर्धं खाल्लेलं सँडविच होतं.

"मिस्टर ओडनी, हे तुम्ही दर वर्षी खाता?"

"हो, बाई."

"माझ्या वर्षीही?"

"पाचही."

"हेच?"

मर्लने थोडा विचार केला. तो खोटं बोलत नाही, पण त्याला कुणाला दुखवायलाही आवडत नाही. "तुमच्या दुसऱ्या वर्षी चीज होतं," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी मात्र मस्टर्ड द्यायचं राहिलं होतं."

"ते मीच काटलं होतं," जिनिव्हा म्हणाली. "माझाही एक हंस होता, त्याच्या बर्फाला पैसे कमी पडत होते."

"जिनिव्हा, चल," वेंडेल म्हणाला.

"खाली बस, वेंडेल." आणि तिने पाटी वर केली. सावकाश नाही, माशी मारावी तशी. "माझ्यासमोर पाट्या खाली राहत नाहीत. डुएन, तोंडाकडे काय बघतोस, पुकार."

तिची पाटी वर गेल्यावर बाकीच्या बायकांना आपल्या खाली ठेवणं शक्यच नव्हतं. बँकवालीने ओल्या झग्यासकट दुसरं व्हायोला घेतलं. तिच्या जावेने लगेच चेलो घेतला, कारण तो मोठा दिसतो. शेवटच्या खुर्चीसाठी दोन माजी अध्यक्षाबाई अशा भिडल्या की डुएनला घाम फुटला. डुकरांत असं होत नाही, असं तो मला नंतर म्हणाला. चौदाच्या चौदा गेल्या. मर्ल आपण बसायचं की नाही हे कुणी न सांगितल्यामुळे शेवटपर्यंत उभाच होता.

वेंडेल शांत झाला होता. शांत वेंडेल वाईट, हे कड्यांच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. तो मंचाच्या पायरीशी गेला.

"छान झालं, अर्डिस. मनापासून. आता पैसे मंडळाकडे येतील आणि मंडळ ठरवेल कशाला वापरायचे ते. लॉबीचा पाया नोव्हेंबरात खणायचाय."

"पान सहा," अर्डिस म्हणाली.

"काय?"

"आराखड्याचं पान सहा. मोठ्या अक्षरांत आहे."

मंडळाचे वकील जवळच उभे होते. त्यांच्या दाढेत हॅम अडकलं होतं, तरी त्यांनी अर्डिसकडून आराखडा घेऊन सहावं पान वाचलं, मग शेवटचं. मग वेंडेलकडे पाहिलं. "देणगी ज्यासाठी मागितली त्यासाठीच वापरावी लागते, वेंडेल. इथे मागितलीय. नावांसकट. खाली तुझी सही आहे."

"थीमच्या कागदात असलं कोण लिहितं?"

"मी," अर्डिस म्हणाली. "तू वाचशील अशी आशा होती. भांडायची तयारी करून आले होते सप्टेंबरात. चांगला झगाही घातला होता."

पत्रं गेली नाहीत. लॉबीचा नमुना आल्टहाउसांच्या गॅरेजमध्ये आहे. वेंडेलने अजून अर्डिसकडून काँक्रीट घेतलेलं नाही; त्याच्या कारखान्याचं आवार चिखलात आहे आणि तो चिखल बरा म्हणतो. मर्ल अजून दुसरा ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणजे बहुतेक वेळ आपली पाळी यायची वाट बघत बसतो. पण ती येते तेव्हा तो तिथे असतो. सभागृह अजून निम्मंच भरतं, हेही खोटं सांगण्यात अर्थ नाही. फक्त चौदा बायका हल्ली न चुकता येतात आणि आपापल्या वादकावर नजर ठेवून बसतात.

माजी अध्यक्षाबाईंचं जेवण एप्रिलात असतं. त्यात नव्या माजी अध्यक्षेला सोन्याची पिन देतात. त्या वर्षी अर्डिसला बोलावणं गेलं नाही. टपालात गहाळ झालं, असं समितीने ठरवलं. मी नावांची यादी वाचायला म्हणून तिथे होतो. सूप वाढून झालं आणि स्वयंपाकघराकडचं दार उघडलं. अर्डिस मागून आली होती, तीच डागाची मखमली पर्स काखेत मारून. हातात पुठ्ठ्याचा डबा. ती जिनिव्हाशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि तिने डबा टेबलावर, सुपाच्या वाट्यांमध्ये ठेवला.

जिनिव्हाने सुपाचा घोट घेतला.

"असला डबा टेबलावर ठेवत नाहीत, अर्डिस," ती म्हणाली. "मांडीवर घे."

"मांडीवर आता कुणीच जेवत नाही, जिनिव्हा. मी करारातली ती ओळ खोडून घेतलीय," अर्डिस म्हणाली आणि झाकण उघडलं. "मस्टर्ड सरकव इकडे."